तंजावरचा तुटलेला दोर आणि लॅम्बटनची पोलादी साखळी

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये एक प्रदीर्घ मराठी लेख कोरला गेला. सरफोजी राजे भोसले यांच्या आज्ञेने कोरलेला हा ‘भोसले वंश चरित्र’ नावाचा शिलालेख मराठी वाचकाला परिचित आहे. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८०८ मध्ये, याच मंदिरात आणखी एक घटना घडली. तिचा उल्लेख मराठीत क्वचितच होतो, पण भारतातील मापनविज्ञानाच्या इतिहासात तिला मोठे स्थान आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी विल्यम लॅम्बटन यांचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजण्याचे भले मोठे यंत्र, मंदिराच्या उंच बांधकामावर चढवला जात असताना दोर तुटला आणि ते यंत्र दगडी भिंतीवर आदळले.

लॅम्बटन यांना मंदिरावर चढण्याची गरज का पडली, हे समजण्यासाठी त्यांचे काम समजून घेतले पाहिजे. दक्षिण भारताचे मोजमाप त्रिकोणांच्या जाळ्याने करायचे, ही त्यांची योजना होती. एका सपाट मैदानात एकच रेषा जमिनीवर प्रत्यक्ष आणि अत्यंत काटेकोरपणे मोजायची. हिला पायारेषा म्हणत. तिच्या दोन टोकांवरून दूरच्या तिसऱ्या बिंदूकडे पाहून कोन मोजायचे. एक बाजू आणि कोन कळले की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने मिळतात. त्यांतील प्रत्येक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. अशा रीतीने डोंगरामागून डोंगर आणि नदीमागून नदी ओलांडत जाळे पसरत जाते. डोंगराळ मुलखात शिखरे आपोआप उपलब्ध असतात. कावेरीचा त्रिभुज प्रदेश मात्र सपाट आणि ताडामाडांच्या बनांनी भरलेला आहे. तेथे दूरवर नजर पोहोचावी इतकी उंची केवळ देवळांच्या गोपुरांना आणि शिखरांना होती. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पूर्ण केलेले बृहदीश्वर मंदिर तर साठ मीटरांहून उंच. म्हणून सुमारे अर्धा टन वजनाचे यंत्र दोराने वर ओढण्याचा खटाटोप करावा लागला.

या साऱ्या जाळ्यात दोनच गोष्टी प्रत्यक्ष मोजल्या जातात : एक लांबी आणि अनेक कोन. उष्णतेचा या दोहोंशी असलेला संबंध अगदी वेगवेगळा आहे आणि तंजावरच्या घटनेचा खरा अर्थ त्या फरकात दडलेला आहे.

आधी लांबीचा विचार करू. लॅम्बटन यांची मद्रासजवळची पायारेषा १८०२ च्या एप्रिल-मे महिन्यांत मोजली गेली. तिची लांबी सुमारे ४०,००६ फूट, म्हणजे साडेसात मैलांहून थोडी अधिक होती. मोजणीसाठी शंभर फूट लांबीची पोलादी साखळी होती. लंडनचे प्रसिद्ध यंत्रकार जेसी रॅम्सडेन यांनी घडवलेली ही साखळी १७९३ मध्ये मॅकार्टनी यांच्या शिष्टमंडळाबरोबर चीनच्या बादशहासाठी गेली होती. तेथे ती स्वीकारली गेली नाही आणि फिरत फिरत भारतात आली. साडेसात मैलांसाठी ती चारशे वेळा अंथरावी लागली. प्रत्येक वेळी ती लाकडी पेट्यांमध्ये सरळ ताणून ठेवायची, वर तंबूची सावली धरायची आणि शेजारच्या तापमापकांची नोंद घ्यायची.

तापमापकांची ही धडपड कशासाठी, हे साध्या गणिताने दिसते. पोलाद दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या सुमारे ११.५ दशलक्षांश भागाने वाढते. लॅम्बटन यांचे तापमापक फॅरनहाइटचे होते. फॅरनहाइटचा एक अंश सेल्सिअसच्या अंशाच्या पाच-नवमांश एवढा असतो; म्हणून दर अंश फॅरनहाइटला हीच वाढ सुमारे ६.४ दशलक्षांश होते. येथे विद्यार्थ्यांची एक नेहमीची चूक नोंदवून ठेवण्यासारखी आहे. तापमान एका मापनश्रेणीतून दुसरीत नेताना ३२ वजा करावे लागतात, कारण दोन्ही श्रेणींचे शून्य वेगळ्या जागी आहे. पण तापमानातील *फरक* बदलताना ३२ चा काहीही संबंध नसतो. २० अंश फॅरनहाइटचा फरक म्हणजे ११.१ अंश सेल्सिअसचा फरक. प्रसरणाचा हिशेब नेहमी फरकाचा असतो.

आता समजा, साखळी ज्या तापमानाला बरोबर शंभर फूट भरते त्याहून मोजणीच्या वेळी ती २० अंश फॅरनहाइटने गरम आहे. शंभर फुटांत तिची वाढ सुमारे ०.१५ इंच होईल. हा आकडा नगण्य वाटतो. परंतु चारशे वेळा तीच चूक एकाच दिशेने होत राहिली, तर साडेसात मैलांत पाच फुटांहून अधिक अंतर हरवते. एवढेच नव्हे, तापमान वाचण्यात केवळ एका अंशाची चूक झाली तरी पायारेषा सुमारे तीन इंचांनी चुकते.

पायारेषेतील चूक पायारेषेपुरती राहत नाही, ही यातली गंभीर गोष्ट. सारे जाळे तिच्यावरच उभे असल्याने प्रत्येक त्रिकोणाची प्रत्येक बाजू त्याच प्रमाणात चुकते. मद्रासच्या मैदानात एक अंश फॅरनहाइटने फसलेले तापमान हजार किलोमीटर लांबीच्या जाळ्यात सहा मीटरांहून अधिक फरक पाडते. लॅम्बटन यांना केवळ नकाशा काढायचा नव्हता. पृथ्वीचा आकार नेमका किती चपटा आहे, हे रेखावृत्ताचा कंस मोजून ठरवायचे होते. त्या प्रश्नाचे उत्तरच अशा सूक्ष्म फरकांवर अवलंबून होते.

यात आणखी एक अडचण होती. तापमापकही प्रसरणावरच चालतो : काचेच्या नळीतील पारा काचेपेक्षा अधिक फुगतो, म्हणून वर चढताना दिसतो. म्हणजे एका पदार्थाच्या प्रसरणाची दुरुस्ती दुसऱ्या पदार्थाच्या प्रसरणाने केली जात होती. शिवाय तापमापक स्वतःचे तापमान सांगतो, शेजारच्या साखळीचे नव्हे. ऊन वाढत असताना पातळ नळीतला पारा आणि जाड पोलादी कडी एकाच वेगाने तापत नाहीत. दोघांचे तापमान सारखे होण्यासाठी वेळ द्यावा लागतो, आणि उन्हाळ्याच्या मैदानात सावली सतत सरकत असते. तंबू, पेट्या आणि सावलीत केलेली मोजणी ही या अडचणीवरची उत्तरे होती.

कोनाची गोष्ट वेगळी आहे. लॅम्बटन यांचा थिओडोलाइट लंडनच्या विल्यम कॅरी यांनी घडवला होता. भारताकडे येताना तो फ्रेंचांच्या हाती लागून मॉरिशसला गेला होता आणि तेथून सौजन्यपूर्वक मद्रासला परत पाठवला गेला होता. त्याचे आडवे वर्तुळ ३६ इंच व्यासाचे होते आणि त्याच्या कडेवर अंशांच्या रेघा कोरलेल्या होत्या. असे धातूचे वर्तुळ सर्वत्र सारख्या प्रमाणात तापले तर ते मोठे होते, पण त्याचा आकार बदलत नाही. त्रिज्या जितक्या पटीने वाढते तितक्याच पटीने परीघही वाढतो, आणि कोन हे या दोहोंचे गुणोत्तर असल्यामुळे तो जसाच्या तसा राहतो. भोक असलेली चकती तापवल्यावर भोक लहान होते की मोठे, या शालेय प्रश्नाचे उत्तरही हेच आहे : सारे काही एकाच प्रमाणात मोठे होते. म्हणूनच एकसमान उष्णता साखळीची शत्रू असते, थिओडोलाइटची नव्हे. वर्तुळाची एक बाजू उन्हात आणि दुसरी सावलीत असेल तर मात्र त्याचा आकार बिघडतो. यासाठी निरीक्षणाच्या वेळी यंत्रावर सावली धरावी लागते.

तंजावरला दोर तुटला तेव्हा जे घडले ते उष्णता एरवी घडवत नाही. आघाताने वर्तुळ वाकले, आकारातच फरक पडला. १८ इंच त्रिज्येच्या कडेवर कोनाचा एक सेकंद म्हणजे एका मिलिमीटरच्या सुमारे पाचशेव्या भागाएवढे अंतर. डोळ्यांना दिसेल इतकी वक्रता आली याचा अर्थ कितीतरी पटींनी मोठी चूक. दुसरे यंत्र मागवायचे तर इंग्लंडहून येण्यास वर्षे लागली असती. उपक्रमाच्या उपयुक्ततेविषयी आणि खर्चाविषयी कंपनीच्या कारभाऱ्यांत मुळातच कुरबुर होती. यंत्र मोडले, एवढ्या कारणानेही काम कायमचे थांबू शकले असते.

पुढचा वृत्तांत जॉर्ज एव्हरेस्ट यांनी नोंदवून ठेवला आहे. लॅम्बटन यंत्र घेऊन तिरुचिरापल्लीला गेले आणि तेथे त्यांनी स्वतःला तंबूत कोंडून घेतले. मुख्य कारागिरांखेरीज कोणालाही आत प्रवेश नव्हता. यंत्र पूर्ण सुटे केले गेले. एका मोठ्या सपाट फळीवर मूळ मापाचे वर्तुळ आखून, पाचरी, स्क्रू आणि कप्प्यांच्या साहाय्याने वाकलेली कड हळूहळू त्या रेषेवर ओढून आणली गेली. आरे लाकडी हातोड्यांनी ठोकून सरळ केले गेले. सहा आठवड्यांनी यंत्र जवळजवळ पूर्ववत झाले. त्या तंबूतील कारागिरांची नावे या वृत्तांतात येत नाहीत. पण धातू किती ताणला तर परत जातो आणि किती ताणला तर नव्या आकारात राहतो, याचे ज्ञान त्यांच्या हातांत होते आणि पुढचे सर्वेक्षण त्या हातांवर उभे राहिले.

दुरुस्त यंत्रावर विश्वास कसा ठेवायचा? त्रिकोण स्वतःच त्याची परीक्षा घेतो. सपाट पृष्ठावर त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश असते. पृथ्वीच्या वक्र पृष्ठावर ती किंचित अधिक भरते, साधारण १९७ चौरस किलोमीटर क्षेत्रफळामागे एक सेकंद. प्रत्यक्ष बेरीज या अपेक्षित आकड्यापासून जितकी दूर, तितकी यंत्राची किंवा निरीक्षकाची चूक मोठी. शिवाय तोच कोन वर्तुळाच्या वेगवेगळ्या भागांवर पुन्हा पुन्हा मोजला तर एखाद्या भागातील बिघाड सरासरीत बराचसा विरून जातो. मापनातील विश्वासाचा आधार यंत्र निर्दोष असणे हा नव्हे. त्याचा दोष किती आहे ते ठाऊक असणे, हा आहे.

लांबीचा प्रश्न मात्र अधिक चिवट होता. ब्रिटिश कायद्याने १८२४ मध्ये यार्डाची व्याख्या करताना ६२ अंश फॅरनहाइट हे तापमान तिच्यातच घातले. तापमान सांगितल्याशिवाय लांबी सांगता येत नाही, याची ती कबुली होती. १८३० मध्ये एव्हरेस्ट इंग्लंडहून परतले तेव्हा त्यांनी साखळीऐवजी थॉमस कोल्बी यांच्या रचनेचे दांडे आणले. प्रत्येकात पितळेची आणि लोखंडाची अशा दोन पट्ट्या मध्यभागी जोडलेल्या असत. पितळ लोखंडापेक्षा अधिक प्रसरण पावते. दोन्ही पट्ट्यांच्या टोकांना एक आडवी जीभ जोडून, तिच्यावर अशा जागी खूण केलेली असे की पट्ट्या कितीही वाढल्या तरी दोन टोकांच्या खुणांमधील अंतर दहा फूटच राहावे. तापमान मोजून दुरुस्ती करण्याऐवजी एका प्रसरणाने दुसऱ्याला निष्प्रभ करण्याची ही युक्ती होती. अट एवढीच की दोन्ही धातू एकाच वेगाने तापले पाहिजेत, आणि भारतीय उन्हात ती अट पाळणे सोपे नव्हते. या दांड्यांनी पहिली पायारेषा १८३१-३२ च्या हंगामात कलकत्त्याजवळ मोजली गेली.

लॅम्बटन यांच्या जुन्या थिओडोलाइटची पुढे सर्वेक्षणाचे यंत्रकार हेन्री बॅरो यांनी नव्याने उभारणी केली. बॅरो यांच्यानंतर ते पद अर्काटच्या सय्यद मीर मोहसिन यांच्याकडे आले. तिरुचिरापल्लीच्या तंबूतील कारागीर अनामिक राहिले, तरी एका पिढीनंतर भारतीय यंत्रकाराचे नाव दप्तरात ठळकपणे नोंदले गेले. धातूच्या प्रसरणावरचा उपाय मात्र १८९६ मध्ये सापडला. शार्ल एद्वार ग्वीयोम यांनी लोखंड आणि निकेल यांचा ‘इन्व्हार’ हा मिश्रधातू शोधला. त्याचे प्रसरण पोलादाच्या सुमारे दहाव्या भागाएवढे असते. १९२० चा भौतिकशास्त्राचा नोबेल पुरस्कार त्यांना मिळाला. १९८३ पासून मीटरची व्याख्या प्रकाशाच्या वेगावर बांधलेली आहे आणि त्या व्याख्येत तापमान नाही. कारखान्यातल्या मापनातून ते गेलेले नाही. यंत्रांच्या सुट्या भागांची मापे आजही २० अंश सेल्सिअसला गृहीत धरली जातात.

लॅम्बटन स्वतः कंस उत्तरेकडे नेत राहिले. त्रिकोणांची साखळी कर्नाटक, तेलंगण ओलांडून वऱ्हाडात पोहोचली. नागपूरकडे जात असताना २० जानेवारी १८२३ रोजी, आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर तेथेच आहे. सरफोजी राजांचे निधन १८३२ मध्ये झाले. त्यांनी वाढवलेले सरस्वती महाल ग्रंथालय तंजावरमध्ये आजही उभे आहे.

बृहदीश्वराचा दगडही उन्हात प्रसरण पावतो. ग्रॅनाइटचे प्रसरण पोलादापेक्षा कमी असले तरी साठ मीटर उंचीच्या बांधकामाचे सरासरी तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढले तर त्याची उंची सुमारे पाच मिलिमीटरांनी वाढेल. एका दिवसाचे ऊन दगडाच्या वरच्या थरापलीकडे फारसे पोहोचत नाही, म्हणून प्रत्यक्ष वाढ याहून कमी असते. ऋतूंच्या फेऱ्यात ती होते आणि जाते. हजार वर्षे हे चालू आहे. शिखराकडे पाहणाऱ्याला ते जाणवत नाही आणि भिंतीवरचा मराठी लेख वाचणाऱ्यालाही नाही. तापमापक हाती घेऊन लांबी मोजणाऱ्याला मात्र त्याची नोंद ठेवावीच लागते.