बाळंतिणीने विचारावे कोणाला?

माझ्या माहेरी मोहरी ठेवायच्या डब्यावर एका गुटगुटीत बाळाचे चित्र होते. मूळचा तो दुधाच्या पावडरीचा डबा. धाकटा भाऊ वरच्या दुधावर वाढला आणि रिकामे डबे स्वयंपाकघरात राहिले. आज दुकानातल्या डब्यावर असे बाळ दिसत नाही. ते कसे नाहीसे झाले, याची हकीकत भगिनींना सांगावी म्हणून हे चार शब्द.

पूर्वी बाळंतिणीची शाळा घरातच असे. आई, सासू, सुईण, शेजारची काकू. बाळ छातीशी कसे धरावे, गाठ आली तर कशाने शेकावे, हे त्या शेजारी बसून दाखवीत. त्यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. पहिला पिवळा चीक पिळून टाकायचा आणि बाळाला मध नाहीतर गूळपाणी चाटवायचे, ही चाल पुष्कळ घरांत होती. रोगाशी झुंजण्याचे बळ त्या चिकातच असते. माझ्या थोरल्या मुलीच्या वेळी तो मीही टाकला. जुन्या बायकांना नावे ठेवावीत असे मला वाटत नाही. त्यांना ते कोणी सांगितलेच नव्हते.

पुढे सल्ला देणारे निराळे आले. सिंगापुरात नर्ससारखा पांढरा पोशाख केलेल्या बायका बाळंतिणींना गोड आटीव दुधाचे डबे घ्यायला लावीत. डॉ. सिसिली विल्यम्स या बाई तेथे काम करीत होत्या. १९३९ साली तेथील रोटरी क्लबात त्यांनी भाषण केले, त्याचे नावच ‘दूध आणि खून’. अशा दुधाने मेलेल्या बाळांचा जाब विकणाऱ्यांना विचारला पाहिजे, असे त्या प्रतिष्ठितांच्या तोंडावर बोलल्या. केवढे धैर्य! गरिबाघरी डबा पुरवून वापरायचा म्हणून दूध पातळ करतात, पाणी स्वच्छ नसते, बाटली उकळली जात नाही. इकडे बाळ ओढीत नाही म्हणून आईचे दूध आटते. मग परतीची वाट बिकट होते.

अमेरिकेत तर घरची शाळाच मोडली होती. बहुतेक बाळे बाटलीवर, आणि पाजायचे कसे हे आजीलाही ठाऊक नाही. १९५६ च्या उन्हाळ्यात शिकागोजवळ चर्चच्या सहलीत मेरी व्हाइट आणि मेरियन टॉम्पसन या दोघी आपापल्या बाळांना अंगावर पाजीत बसल्या होत्या. बायका जवळ येऊन म्हणू लागल्या, आम्हालाही पाजायचे होते, पण जमले नाही. त्यातून सात गृहिणींनी फ्रँकलिन पार्क या गावी मेरीबाईंच्या घरी बैठका सुरू केल्या. तेथे ना फी, ना औषध. जिला जमले तिने दुसरीला सांगायचे. मंडळाला नाव हवे, तर ‘स्तन’ हा शब्द वर्तमानपत्रात छापणे त्या काळी अवघड! म्हणून फ्लोरिडातील दूध देणाऱ्या मेरीमातेच्या देवस्थानावरून ‘ला लेचे लीग’ असे स्पॅनिश नाव घेतले. लेचे म्हणजे दूध. १९५८ साली त्यांनी पुस्तक काढले आणि पुढे देशोदेशी शाखा झाल्या. आपल्यासारख्याच बायका, हे वाचून मला फार बरे वाटले.

माझे स्वतःचे सांगते. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी एका नर्सने ‘तुम्हाला दूध पुरत नाही’ म्हणून बाटली हाती दिली. मला चिरा पडल्या होत्या, मी रडत होते. शेजारच्या मावशींनी पाहिले आणि म्हणाल्या, “अगं, पोटाला पोट लाव, बाळाने मोठा आ केल्यावर जवळ घे, काळा भागही तोंडात जाऊ दे.” दोन दिवसांत दुखणे थांबले. बाटली मोरीत पडली ती पडलीच.

आपल्याकडेही माणसे जागी होती. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आईच्या दुधाची पेढी सुरू केली, ती आशियातील पहिली. ३ डिसेंबर १९९१ रोजी आपल्या वर्ध्यात ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ ही संस्था जन्मली. १९९२ साली कायदा झाला. बाळाच्या दुधाच्या डब्याची जाहिरात बंद, फुकट नमुने बंद आणि डब्यावर बाळाचे वा आईचे चित्र बंद. मोहरीच्या डब्यावरचे बाळ गेले ते असे.

आता दवाखान्यात बाळंतपण झालेल्या बाईकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. तिला निःसंकोच विचारावे. सहा महिने अंगावरचेच दूध, वर पाणीसुद्धा नको. आठवड्यानंतर बाळ दिवसातून सहा वेळा लघवी करीत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. ते होत नसेल, बाळ सुस्त पडून ओढीत नसेल, किंवा आईला गाठ येऊन ताप भरला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. गाठ आली म्हणून त्या बाजूचे पाजणे मात्र थांबवू नये.