तळटीप : ‘दिवाणखान्यातली फुलपाखरांची पेटी’

लेखकाने हैदराबादच्या दिवाणखान्यात पाहिलेली काचेची पेटी शोभेची होती. अभ्याससंग्रहातील नमुन्याच्या टाचणीखाली स्थळ, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी असते. चिठ्ठी नसलेले फुलपाखरू कितीही देखणे असले, तरी अभ्यासकाला फारसे काही सांगू शकत नाही, आणि ही हानी मला पंख फाटण्याहून मोठी वाटते.

वाळून ताठरलेले फुलपाखरू आधी दमट डब्यात ठेवून मऊ करतात. मग छातीतून टाचणी घालून फळीवर कागदी पट्ट्यांखाली पंख पसरतात आणि वाळू देतात. पेटीत डांबराच्या गोळ्या ठेवतात, कारण बारीक किडे शरीर पोखरून भुगा करतात.

पिवळे-तांबडे रंग उन्हाने विटतात. मात्र दक्षिण अमेरिकेतल्या ‘मॉर्फो’चा निळा रंग पुष्कळ टिकतो. तो रंगद्रव्याचा नसून खवल्यांच्या सूक्ष्म रचनेवरून परतणाऱ्या प्रकाशाचा असतो.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मुळे भारतातील अनेक जातींची फुलपाखरे पकडण्यास व विकण्यास मनाई आहे. महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखरू ठरवलेली राणी पाकोळी उडतानाच पाहावी. हैदराबादेत जिवंत फुलपाखरे पाहायची असतील, तर 1963 मध्ये खुल्या झालेल्या नेहरू प्राणिसंग्रहालयातील फुलपाखरू उद्यानात जावे. पावसाळा सरल्यावर गेल्यास उत्तम. — संपा.