बिनतारी जाळ्याचे कुलूप

कुलूप किती पक्के आहे हे कुलूप विकणाऱ्याला विचारून कळत नाही. ते उघडून पाहण्याची खटपट करणाऱ्याला विचारावे लागते. कामगार चळवळीत आम्ही हाच पाठ गिरविला. यंत्रावरील जाळी धड आहे की नाही, हे मालकाच्या दाखल्यावरून ठरविता येत नाही. यंत्राजवळ उभे राहूनच पाहावे लागते. आज घरोघरी बसलेल्या वाय-फायचा इतिहासही हेच सांगतो, आणि त्याचे मूळ 1903 सालात सापडते.

बिनतारी तारायंत्राचे प्रवर्तक मार्कोनी यांचा दावा असा होता की, आपली यंत्रे ठराविक लहरीवर जुळविलेली असल्याने परक्याला त्यांत शिरता येणार नाही. 4 जून 1903 रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक फ्लेमिंग यांचे व्याख्यान होते. दूर कॉर्नवॉलमधील पोल्डू येथून मार्कोनींचा संदेश यावयाचा होता. तो येण्यापूर्वीच यंत्र टकटक करू लागले. मोर्सच्या लिपीत 'उंदीर' या अर्थाचा इंग्रजी शब्द पुनःपुन्हा उमटला आणि मागोमाग मार्कोनींची टवाळी करणारी कवने आली. हा उद्योग नेव्हिल मॅस्केलिन नावाच्या जादूगाराचा होता. फ्लेमिंग यांनी 'टाइम्स' पत्रात संताप व्यक्त केला. आपण हे लोकहितासाठी केले, असे मॅस्केलिनने उत्तर दिले. त्याच्यामागे समुद्री तारांचा धंदा करणारी ईस्टर्न टेलिग्राफ कंपनी होती, हेही विसरू नये. परंतु तपासणाऱ्याचा हेतू शुद्ध नव्हता, एवढ्याने त्याने दाखविलेले भोक बुजत नाही.

पुढे 1997 साली वाय-फायचे पहिले मानक आले. त्यातील कुलपाला डब्ल्यू.ई.पी. म्हणत; तारेच्या जोडणीइतकी गुप्तता, असा त्या नावाचा आशय. संदेशाच्या प्रत्येक तुकड्याबरोबर किल्लीला एक आकडा जोडला जाई. असे आकडे होते 1,67,77,216. ऐकावयास पुष्कळ वाटतात. पण वर्दळीच्या जाळ्यावर तेच आकडे फिरून येत. 2001 साली फ्लुरर, मॅन्टिन आणि शमीर या तिघांनी या पद्धतीचा मूळ दोष छापून जगापुढे मांडला. 2007 पर्यंत जर्मनीतील डार्मस्टाट येथील संशोधकांनी हे कुलूप मिनिटाभरात उघडता येते असे दाखविले. 2003 साली डब्ल्यू.पी.ए. आणि 2004 साली डब्ल्यू.पी.ए.-2 ही नवी कुलपे आली होती. तरी जुनी पुष्कळ घरांत तशीच लोंबत राहिली.

याची किंमत कोण देतो? 26 जुलै 2008 रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचे ई-मेल गेले. पोलिसांनी माग काढला, तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका बिऱ्हाडापर्यंत पोचला. तेथल्या वाय-फायचा उपयोग परक्याने केला होता. पण पोलिसांच्या चौकशीला तोंड द्यावे लागले बिऱ्हाडकरूला!

सोयीसाठी ठेवलेले मागचे दारही असेच घातक ठरते. परवलीचा शब्द न लिहिता आठ आकड्यांनी उपकरण जोडण्याची डब्ल्यू.पी.एस. ही पद्धत. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता. पण राउटर ते दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून निघतो. त्यामुळे 11,000 प्रयत्न पुरेत, हे 2011 साली उघडकीस आले. 2017 साली बेल्जियममधील मॅथी व्हॅनहूफ यांनी डब्ल्यू.पी.ए.-2 मधील दोष दाखविला. तो राउटर-मोबाइलच्या सुधारित आज्ञावलीने बुजविता आला. 2018 साली डब्ल्यू.पी.ए.-3 आले आणि पुढल्याच वर्षी त्यातही उणिवा सापडल्या.

तेव्हा घरची पाहणी आपणच करावी. राउटरच्या व्यवस्थापनाच्या पानावर जावे. कुलूप डब्ल्यू.पी.ए.-2 किंवा 3 आहे ना, ते पाहावे. व्यवस्थापनाचा कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द बदलावा. वाय-फायचा शब्द लांबलचक ठेवावा. डब्ल्यू.पी.एस. बंद करावे, सुधारित आज्ञावली भरावी, आणि जोडलेल्या उपकरणांच्या यादीत अनोळखी कोणी आहे का ते वाचावे. राउटर इतका जुना असेल की कंपनी त्याची सुधारणाच देत नाही, तर तो बदलावा. ही परीक्षा मात्र आपल्याच जाळ्याची. परवानगीवाचून दुसऱ्याच्या जाळ्यात शिरणे 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने गुन्हा आहे.

एकशेवीस वर्षांत एकही कुलूप केवळ बनविणाऱ्याच्या ग्वाहीवर पक्के ठरले नाही. कोणी तरी ते तपासले, दोष चारचौघांत सांगितला, तेव्हा पुढले कुलूप बरे निघाले. दोष सांगणाऱ्याला उपद्रवी ठरविण्याची सवय कारखान्यात असते, तशी येथेही आहे. ती मोडण्यात सर्वांचेच हित आहे; कारण दोष झाकला गेला म्हणजे पोलीस दार ठोठावतात ते कंपनीचे नव्हे, आपले.