डिक्लेअररचा खेळ (ब्रिज)

बोली संपल्यावर ज्याच्या वाट्याला काँट्रॅक्ट येते तो डिक्लेअरर. त्याच्या डावीकडच्या प्रतिस्पर्ध्याने उतारी केली की समोरच्या भिडूची तेरा पाने टेबलावर उघडी मांडली जातात, ही डमी. पुढे दोन्हींकडची पाने डिक्लेअररच ठरवतो. हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी 1925 मध्ये काँट्रॅक्ट ब्रिजला आकार दिला, तेव्हापासून बोलीवर उदंड लिहिले गेले. डाव मात्र पुष्कळदा पहिल्याच दस्ताला, डमीतले पान घाईने टाकल्यामुळे बुडतो.

मराठी घरातला खेळाडू बहुधा मेंढीकोट खेळून इकडे येतो. हुकूम, उतारी, भिडू त्याला नवे नसतात. पण मिळेल तो दस्त उचलण्याची सवय इथे नडते. समजा, काँट्रॅक्ट तीन नो-ट्रंपचे, म्हणजे हुकमाशिवाय नऊ दस्त हवेत. उतारी इस्पिकच्या राजाची. आपल्याकडे एक्का आणि दोन हलकी पाने, डमीत दोन हलकी. एक्का तिसऱ्या फेरीपर्यंत दाबून ठेवावा. उतारी करणाऱ्याकडे पाच इस्पिक असतील तर त्याच्या भिडूकडची तिन्ही तोवर संपतात, आणि नंतर तो भिडू आत आला तरी इस्पिक परत लावू शकत नाही. जाणकार सातातून आपली व डमीची त्या रंगाची पाने वजा करतात: 7 − 5, म्हणून दोनदा सोडायचे. यापुढची फिनेस, म्हणजे बाहेरचे मोठे पान सोयीच्या बाजूला असेल असे धरून लहान पानाने दस्त काढण्याचा प्रयत्न, हरलीच तर ती त्या भिडूकडे हरेल अशी घ्यावी.

नो-ट्रंपमध्ये जिंकते दस्त मोजतात, हुकमाच्या डावात हरते. हुकूम आधी ओढावेत हे खरे, पण डमीच्या हुकमाने काही मारायचे असेल तर ते अगोदर.

नवशिके 3-3 वाटणीवर फार भिस्त ठेवतात. बाहेर सहा पाने असताना ती सुमारे 36 टक्केच वेळा येते, 4-2 मात्र 48. बाहेर पाच असतील तर 3-2 ची शक्यता 68 टक्के. साधी फिनेस 50.

2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन व शिबनाथ सरकार यांनी भारताला सुवर्ण मिळवून दिले, ते जोडी प्रकारात. जोडी प्रकारात जास्तीचा एक दस्तही गुण फिरवू शकतो, त्यामुळे सुरक्षित खेळी तिथे नेहमीच शहाणपणाची नसते.

पुण्यात खराडीसारख्या नोकरदार भागात चौघे एका वेळी मोकळे सापडणे कठीण. तिथे ‘ब्रिज बेस ऑनलाइन’वरचे संगणकी भिडू सरावाला पुरतात. मात्र डावानंतर संगणक दाखवतो ते जास्तीत जास्त दस्त चारही हात उघडे धरून काढलेले असतात. तो आकडा गाठला नाही म्हणून खेळ चुकला असे ठरत नाही.