मचाण

मचाण म्हणजे झाडाच्या फांद्यांवर किंवा जमिनीत रोवलेल्या खांबांवर बांधलेली उंच बैठक होय. पिकाची राखण, वन्यप्राण्यांची शिकार आणि अलीकडच्या काळात वन्यप्राण्यांचे निरीक्षण अशा तीन कामांसाठी तिचा उपयोग होत आला आहे. शिकारकथांच्या प्रभावामुळे मचाण म्हटले की बंदूकधारी शिकारी डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात महाराष्ट्रात मचाणावर सर्वाधिक रात्री शेतकऱ्याने काढल्या आहेत. भारतात शिकारीवर बंदी असल्याने तो उपयोग आता इतिहासजमा झाला आहे. अमेरिकेत मात्र धनुष्यबाणाने हरणांची शिकार करणाऱ्यांमध्ये झाडावरील बैठकीचे नवे प्रकार रूढ असून, पक्की बैठक बांधावी की दोराच्या पट्ट्यावर लोंबकळत राहावे, हा तेथे चर्चेचा विषय आहे.

शब्द

हा शब्द संस्कृत ‘मञ्च’पासून आलेला आहे. मंच, मंचक, माच, माचा आणि गडावरील सपाटीला म्हणतात ती माची हे सर्व शब्द त्याच कुळातले. राजगडाची संजीवनी माची आणि शेतातला माचा यांत आकाराचा फरक कितीही असला, तरी ‘उंचावरची सपाट जागा’ हा अर्थ दोन्हींकडे समान आहे. शेतातील राखणीच्या बैठकीला मराठीत ‘माळा’ असेही म्हणतात. हिंदीतील ‘मचान’ हा शब्द ब्रिटिश अमदानीत इंग्रजीने जसाच्या तसा उचलला व तो इंग्रजी शब्दकोशांत रूढ झाला.

शेतराखणीचा माळा

ज्वारी, बाजरी, मका यांसारख्या पिकांत कणसे दाण्यावर आली की पाखरांचे थवे उतरू लागतात. त्यासाठी शेताच्या मध्यावर चार खांब रोवून, वर आडवी लाकडे टाकून माळा उभारला जातो. पीक पुरुषभर उंचीचे असल्याने जमिनीवर उभ्या राहिलेल्या राखणदाराला शेताची पलीकडली बाजू दिसत नाही. माळ्यावरून ती दिसते आणि गोफणीतला गोटा कणसांना न लागता पाखरांच्या डोक्यावरून जातो. हा माळा दिवसाचा असतो.

कोकणात प्रश्न निराळा आहे. तेथे शत्रू रात्री येतो. रायगड जिल्ह्यात पनवेल, पेण, कर्जत या भागांत डोंगरालगतच्या भातशेतीत आश्विन-कार्तिकात रानडुकरांचे कळप उतरतात. खातात त्याहून तुडवून अधिक नासाडी करतात. भातानंतर जमिनीतल्या ओलीवर घेतलेल्या वालालाही त्यांचा उपद्रव होतो. अशा ठिकाणी बांधावरच्या झाडावर अथवा बांबूच्या खांबांवर माळा बांधून, वर पेंढ्याचे छप्पर घालून, रात्रभर पत्र्याचा डबा बडवीत जागरण करावे लागते. जखमी किंवा पिल्लांसह असलेले रानडुक्कर माणसावर सरळ धावून येते. त्यामुळे उंचावर बसणे ही येथे केवळ सोय राहत नाही. एका रात्रीत कळप शिरला तर लहान शेतकऱ्याचे वर्षाचे धान्य जाते, हे लक्षात घेतल्याशिवाय या जागरणाचा अर्थ कळत नाही. पनवेल परिसरात नागरीकरणामुळे भाताची खाचरे झपाट्याने कमी झाली आणि त्यांबरोबर माळेही दिसेनासे झाले. डोंगरपायथ्याच्या वाड्यांत मात्र ते अद्याप आढळतात.

सिंहासनबत्तिशीच्या कथेतही असाच एक माळा आहे. शेताचा मालक माळ्यावर चढला की उदार होतो, वाटसरूंना कणसे खाण्यास बोलावतो, आणि खाली उतरताच कृपण होऊन त्यांनाच हुसकावतो. त्या उंचवट्याखाली विक्रमादित्याचे सिंहासन पुरलेले असते, हे राजा भोजाला पुढे उमगते. उंच बसल्याने माणसाची दृष्टी बदलते हे सांगण्यासाठी कथाकाराला राजवाड्याऐवजी शेतातला माळा सुचावा, यावरून ही वस्तू किती परिचयाची होती हे दिसते.

शिकारीतील मचाण

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मृगयेचा विस्ताराने विचार केलेला आहे. संस्थानी आणि ब्रिटिश काळात वाघ व बिबट्या यांच्या शिकारीच्या दोन पद्धती प्रचलित होत्या. पहिली हाक्याची. तीत हाकारे ढोल-डबे वाजवीत जनावराला रानातून पुढे रेटत आणि मचाणावरील शिकारी ते टप्प्यात येण्याची वाट पाहत. दुसरी बैठकीची. तीत वाघाने मारलेल्या जनावरापाशी, म्हणजे गाऱ्यावर, किंवा बांधलेल्या आमिषाजवळ शिकारी एकटाच मचाणावर रात्र काढी. नरभक्षकांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेले जिम कॉर्बेट यांनी रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या १९२६ साली गुलाबराई येथे आंब्याच्या झाडावरील मचाणातूनच टिपला.

आज अभयारण्ये म्हणून ओळखली जाणारी महाराष्ट्रातील काही जंगले पूर्वी राखीव शिकारक्षेत्रे होती. राधानगरी-दाजीपूरचे रान कोल्हापूर संस्थानचे, तर मुरूड व रोहे तालुक्यांतील फणसाडचे रान जंजिऱ्याच्या नवाबाचे. दाजीपूर १९५८ साली आणि फणसाड १९८६ साली अभयारण्य झाले. ताडोबात शिकारीला १९३५ सालीच बंदी झाली होती. तेथे १९५५ साली राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले.

रायगड-ठाण्यातील कातकरी व ठाकूर समाजांची पारंपरिक शिकार मात्र प्रामुख्याने पायी चालणारी होती. तिरकमठा, बेचकी, फासे ही तिची साधने. ससा, घूस, उंदीर, रानपाखरे हे तिचे लक्ष्य. पोटासाठी केलेल्या शिकारीत एका जनावरासाठी सबंध रात्र एका झाडावर घालविणे परवडत नाही. मचाणाची शिकार ही मुळात ज्याच्याजवळ हाकारे, आमिष व सवड होती त्याची होती.

बांधणी

मचाणासाठी झाड निवडणे हा निम्मा भाग आहे. शेवगा, पांगारा आणि सावर यांचे लाकूड हलके व ठिसूळ. जांभळाची फांदीही भाराने अवचित मोडते. चिंच, ऐन आणि आंबा ही झाडे भरवशाची मानतात, परंतु आंब्यावर तांबड्या मुंग्यांची पानांत विणलेली घरटी आहेत का ते आधी पाहावे लागते. आग्या मोहोळ असलेल्या झाडाच्या आसपासही जाऊ नये. पनवेलजवळच्या कर्नाळा किल्ल्याच्या सुळक्यावर अशी मोहोळे असतात. ती उठली तर उंचावर बसलेल्याला पळण्यास वाट नसते.

जमिनीपासून सुमारे चार ते सहा मीटर उंचीवर दोन-तीन भक्कम फांद्या निवडून त्यांवर आडव्या वाशांची चौकट बांधतात. खेड्यात सर्वांत सोपा उपाय म्हणजे सुंभाने विणलेली बाज चौकटीवर घट्ट आवळणे. जेथे लाकडावर लाकूड घासते तेथे चिंध्या गुंडाळतात, कारण मध्यरात्री वाशाची एक करकर पुरते आणि पाणवठ्यावर आलेले जनावर माघारी वळते. आडोशाला लावायचा पाला त्याच झाडाचा असावा. तोही दुसऱ्या दिवशी बदलावा लागतो. हिरव्या झाडात सुकलेला पाला लांबून ओळखू येतो.

वाऱ्याचा विचार याहून महत्त्वाचा. बहुतेक सस्तन प्राण्यांना माणूस दिसण्याआधी त्याचा वास येतो. उंचीमुळे वास काही अंतर डोक्यावरून निघून जातो, मात्र तो नाहीसा होत नाही. कोकणात दुपारी वारा समुद्राकडून येतो, रात्री तो जमिनीकडून समुद्राकडे वळतो. डोंगरउतारावर रात्रीची गार हवा खाली ओघळते. त्यामुळे दुपारी योग्य वाटलेली जागा मध्यरात्री निरुपयोगी ठरू शकते.

मचाण की सॅडल

अमेरिकेत धनुष्यबाणाच्या शिकारीसाठी कायद्याने ठरवून दिलेला हंगाम असतो. बाणाचा परिणामकारक पल्ला साधारण वीस-तीस मीटरच असल्याने शिकाऱ्याला हरणाच्या फार जवळ, पण त्याच्या नजरेच्या रेषेबाहेर राहावे लागते. म्हणून तेथे झाडावर बसण्याची पद्धत पडली. तेथील रूढ बैठक ‘ट्री स्टँड’ या नावाने ओळखली जाते. ती धातूची असून तिचे शिडीसह झाडाला टेकवलेले, खोडाला पट्ट्याने आवळलेले आणि बसणाऱ्याबरोबर खोडावरून सरकत चढणारे असे प्रकार आहेत. दुसरी पद्धत ‘सॅडल’ची, म्हणजे शब्दशः खोगिराची. तीत बैठकच नसते. कमरेखाली व मांड्यांभोवती रुंद कापडी पट्टा घालून, तो दोराने खोडाला जोडून, माणूस झाडाकडे तोंड करून मागे रेलतो. पाय टेकण्यास खोडावर वीतभर फळी किंवा पायरी असते. झाडावर काम करणाऱ्या तारकामगारांच्या पट्ट्याशी तिचे नाते उघड आहे.

दोहोंतील निवड ही मुख्यतः वजन, झाड आणि वेळ यांवर ठरते. स्टँडचे वजन अनेक किलो भरते, सॅडलचा पट्टा एखाद्या किलोच्या आसपास. रोज नव्या जागी लांब चालत जाणाऱ्याला म्हणून सॅडल सोयीचे. स्टँडला सरळ व बेताच्या जाडीचे खोड लागते; सॅडल वाकड्या झाडावरही चालते. सॅडलवाल्याला खोडाचाच आडोसा मिळतो आणि दोराभोवती फिरून तो जवळजवळ सर्व दिशांना नेम धरू शकतो. स्टँडवरील माणसाची पाठ झाडाला असल्याने मागून आलेल्या हरणाकडे वळताना हालचाल दिसते. उलट धनुष्याची प्रत्यंचा ओढण्यासाठी स्थिर पाया हवा असतो, तो स्टँडवर आपोआप मिळतो. सॅडलमध्ये त्यासाठी सराव करावा लागतो. शिवाय काही तासांनी कमरेला पट्ट्याची आवळण आणि गुडघ्यांना खोडाची टोचणी असह्य होते. थंडीत दिवसभर बसायचे असेल, वय झाले असेल किंवा ठरलेल्या झाडावर हंगामभर बसण्याची मुभा असेल, तर स्टँडच बरे.

सुरक्षिततेच्या बाबतीत सॅडलकडे एक स्वाभाविक गुण आहे: दोर हीच बैठक असल्याने दोर न बांधता बसताच येत नाही. स्टँडवर माणूस दोराविना बसू शकतो, आणि म्हणूनच बसतो. झाडावरून पडणे हे तेथील शिकाऱ्यांच्या गंभीर दुखापतींचे एक प्रमुख कारण आहे, आणि त्यांतील बरेच अपघात चढता-उतरताना, विशेषतः शिडीवरून बैठकीवर पाय टाकताना होतात. यासाठी पूर्ण अंगाचा सुरक्षापट्टा आणि जमिनीपासून वरपर्यंत सोडलेला जीवनदोर वापरण्याचा आग्रह धरला जातो. पट्ट्यात निश्चल लोंबकळत राहिल्यास पायांत रक्त साचून माणूस बेशुद्ध होऊ शकतो. त्यासाठी पाय रोवण्यास दोराचा फास जवळ ठेवतात. धनुष्य व बाण हातात घेऊन चढू नये, वर पोहोचल्यावर दोरीने ओढून घ्यावेत, हा नियम दोन्ही पद्धतींना समान आहे.

दोराच्या आधारे झाडावर काम करणे आपल्याकडे नवीन नाही. माडावरून नारळ उतरविणारे आणि माडी काढणारे कारागीर पायांत दोराचे कडे अडकवून चढतात. गोव्यात त्यांना अनुक्रमे पाडेली आणि रेंदेर म्हणतात. कंबर मात्र बहुधा मोकळीच असते. त्यांच्या पडण्याच्या बातम्या वाचताना, पाश्चात्त्य छंदवाल्यांनी वापरलेला कमरेचा पट्टा आपल्याकडील कष्टकऱ्यांना अधिक गरजेचा आहे, असे म्हणावेसे वाटते.

कायदेशीर स्थिती

वाघाच्या शिकारीवर देशात १९७० साली बंदी आली. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार अनुसूचित वन्यप्राण्यांची शिकार हा गुन्हा असून, १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरील शिकारही संपुष्टात आली. ‘शिकार’ या संज्ञेत केवळ ठार मारणेच येते असे नाही; पकडणे, फास लावणे, हाका करणे, आमिष लावणे आणि तसा प्रयत्न करणे हेही त्यात मोडते. म्हणजे हत्यार धनुष्य आहे की बंदूक, याने काही फरक पडत नाही. उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या, पहिल्या अनुसूचीबाहेरील प्राण्याच्या बाबतीत कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी लेखी आदेशाने परवानगी देऊ शकतो. अशा आदेशाविना माळ्यावर बसून राखण करणे वैध, रानडुकरावर हत्यार चालविणे अवैध.

वनहक्क अधिनियम, २००६ ने आदिवासींचे अनेक पारंपरिक हक्क मान्य केले. शिकारीचा व सापळे लावण्याचा हक्क मात्र त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला. संस्थानिकांनी शिकार सोडली ती एका छंदाची सांगता होती, कातकऱ्याच्या घरातून मात्र अन्नाचा एक भाग गेला. या दोन गोष्टी एकाच वाक्यात सांगण्याची पद्धत आहे, ती योग्य नव्हे.

निरीक्षण मचाणे

वैशाखातील बुद्धपौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्रातील अभयारण्यांत पाणवठ्यांलगतच्या मचाणांवर बसून प्राण्यांची नोंद घेण्याची प्रथा आहे. ही तिथी निवडण्यामागे साधी कारणे आहेत. उन्हाळ्याने बहुतेक पाणी आटलेले असते, त्यामुळे प्राण्यांना उरलेल्या मोजक्या पाणवठ्यांवर यावेच लागते; झाडोरा विरळ झालेला असतो; आणि चंद्रप्रकाशात दिव्याविना दिसते. फणसाडमध्ये या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. निरीक्षक प्राण्याची जात, संख्या, शक्य तर नर-मादी आणि येण्याची वेळ टिपून ठेवतात.

या पद्धतीला गणना म्हणणे आता मागे पडले आहे. एकच सांबर दोन पाणवठ्यांवर गेले की दोनदा नोंदले जाते, आणि ज्याने त्या रात्री पाणी प्यायलेच नाही ते नोंदीत येत नाही. देशातील व्याघ्रगणना २००६ पासून दर चार वर्षांनी होते व तीत स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपलेल्या पट्ट्यांवरून वाघ ओळखण्यावर भर असतो. म्हणून वनविभाग मचाणावरील रात्रीला ‘निसर्गानुभव’ म्हणतो. नाव प्रांजळ आहे. कॅमेरा संख्या सांगतो. पाण्यावर आधी कोण येते, कोण कोणासाठी थांबते, भेकराच्या इशाऱ्यानंतर किती वेळ शांतता टिकते, हे बसलेल्या माणसालाच कळते. व्यंकटेश माडगूळकर यांचे ‘नागझिरा’ आणि मारुती चितमपल्ली यांचे वनलेखन अशाच पाहण्यातून घडलेले आहे.

कर्नाळा पक्षी अभयारण्य हे १९६८ साली स्थापन झाले. पक्षी-निरीक्षणासाठी तेथे मचाणापेक्षा पायवाटच अधिक उपयोगी पडते, कारण पक्षी ठरावीक जागी येण्यास बांधील नसतात.

निरीक्षणासाठी वापरावयाची मचाणे आता बहुधा लोखंडी सांगाड्याची व कायम शिडीची असतात. बिबट्या झाडावर सहज चढतो, त्यामुळे मचाण म्हणजे त्याच्यापासून पूर्ण संरक्षण नव्हे. निरीक्षकाने सूर्यास्तापूर्वी वर चढावे, उजाडेपर्यंत उतरू नये, अत्तर व तंबाखू टाळावी, फिकट रंगाचे कपडे घालू नयेत, पाणी व अन्न सोबत न्यावे आणि डुलकी लागण्याची शक्यता गृहीत धरून कमरेला दोर बांधावा.