कळीचा मुद्दा

पूर्वीच्या काळी माणसाचे मनगट दुखायला काहीतरी भारदस्त कारण लागत असे. तलवार, दांडपट्टा, अगदीच नाही तर सरपणाची लाकडे फोडणे. माझे मनगट दुखायला लागले ते लोकांच्या मुदत ठेवींचे नूतनीकरण करून.

डॉक्टरांनी विचारले, "काम काय करता?"

"बँकेत आहे."

"ते झालं हो. पण काम काय करता?"

बँकवाल्यांबद्दल जनतेचे मत काय आहे हे मला ठाऊक असल्यामुळे मी रागावलो नाही. दिवसभर कीबोर्ड आणि माउस, एवढेच सांगितले. त्यांनी मनगट दाबले, मी ओरडलो आणि निदान पक्के झाले. "शिरेवर ताण येतोय. हाताला सोयीचा सेट घ्या, वायरलेस मिळतात हल्ली. आणि मनगट वाकू देऊ नका, टेकवून ठेवू नका."

कीबोर्डला मराठीत कळफलक म्हणतात. हा शब्द ज्याने घडवला त्याला 'कळ' या शब्दाचे दोन्ही अर्थ स्वानुभवाने माहीत असणार अशी आता माझी खात्री झाली आहे.

दुकानात भिंतभर सेट टांगले होते. काळे, पांढरे, एक तर चक्क गुलाबी. "यातला आरामशीर कोणता?" मी विचारले. पोऱ्या म्हणाला, "सगळे सेमच आहेत, काका. तुम्ही फक्त कलर सांगा." 'काका'चे मी मनावर घेतले नाही, पण 'सेम'चे घेतले. आमच्या धंद्यात शंभर नोंदी सारख्या दिसल्या की मूळ व्हाउचर कोणी पास केले ते आधी बघायचे असते. बी.कॉम.ला ऑडिटिंग होते, त्यातले एवढेच काय ते लक्षात राहिले आहे. तेव्हा रिकाम्या हाताने घरी आलो आणि शोधाला लागलो.

मूळ सही निघाली क्रिस्टोफर शोल्स नावाच्या गृहस्थांची. अमेरिकेत मिलवॉकी गावी हे वर्तमानपत्राचे संपादक होते, पुढे बंदरावर जकात वसूल करणारे अधिकारी झाले. सरकारी नोकरी सांभाळून भलतेच उद्योग करणारा माणूस. मला एकदम घरचाच वाटला. १८६८ साली त्यांनी दोन साथीदारांसह टाइपरायटरचे पेटंट घेतले, तेव्हा त्याला पियानोसारख्या पट्ट्या होत्या. पुढे रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र करायला घेतले. ही कंपनी बंदुका करी आणि शिवणयंत्रेही करी. १८७४ साली यंत्र बाजारात आले तेव्हा त्यावर रंगीत वेलबुट्टी होती आणि कागदाचा रूळ मागे न्यायला खाली शिवणयंत्रासारखी पायपट्टी. अक्षरे फक्त मोठी. लहान अक्षरे आली ती १८७८ साली शिफ्टच्या कळीबरोबर. मधल्या चार वर्षांत टाइप केलेले प्रत्येक पत्र ओरडून लिहिल्यासारखे दिसत असणार.

आता अक्षरांचा तो विचित्र क्रम. १९९८ साली बारावीच्या सुट्टीत मी टायपिंगच्या क्लासला जात असे. गोदरेजची जुनी यंत्रे, त्यांचा तो खडखडाट, आणि पाठीमागे लाकडी पट्टी घेऊन फिरणारे सर. सर सांगायचे, "अक्षरांच्या दांड्या एकमेकींत अडकू नयेत म्हणून अक्षरं मुद्दाम लांब लांब टाकली आहेत." सरांचे बोलणे मी प्रमाण मानून बसलो होतो. आता कळते की जपानमधल्या क्योटो विद्यापीठाच्या दोघा संशोधकांनी २०११ साली हे खोडून काढले. त्यांचे म्हणणे असे की सुरुवातीला ही यंत्रे तारखात्यातले लोक वापरत, आणि क्रम घडत गेला तो त्यांच्या गरजांप्रमाणे. कोण खरे ते त्यांनी आपसात ठरवावे. माझ्या मनगटाचा उल्लेख दोन्ही हकिकतींत नाही.

त्याहून मजेची गोष्ट ओळींची. कधी निरखून पाहा. क्यूच्या बरोबर खाली ए नाही, तो जरा उजवीकडे सरकलेला. झेड आणखी सरकलेला. का? तर टाइपरायटरच्या प्रत्येक कळीखालून एक लोखंडी पट्टी मागे जायची, आणि पट्टीवर पट्टी येऊ नये म्हणून कळा तिरक्या बसवल्या. पुढे पट्ट्या गेल्या, यंत्र गेले, आता तर वायरसुद्धा गेली. तिरकेपणा तेवढा राहिला, आणि न दिसणाऱ्या पट्ट्यांना वाट करून द्यायला आपण अजून पंजे मुरडून बसतो. मला याचे नवल वाटले नाही. आमच्या शाखेत एका रजिस्टरला 'शिपायाच्या सायकलचा क्रमांक' असा रकाना होता. सायकल मोडीत गेली, शिपाई निवृत्त झाला, रजिस्टर संगणकात गेले. रकाना आहे. त्यात आम्ही 'निरंक' भरतो.

ही व्यवस्था बदलायचा प्रयत्न कोणी केलाच नाही असे नाही. ऑगस्ट ड्वोराक नावाच्या प्राध्यापकांनी १९३६ साली हाताचा विचार करून नवा क्रम रचला. सगळे स्वर डाव्या हाताच्या मधल्या ओळीत, नेहमीची व्यंजने उजव्या हाताखाली. पण तोवर लाखो बोटे जुन्यावर पोसली गेली होती. १९५६ साली अमेरिकन सरकारने चाचणी घेतली, तिचा कौल जुन्याच्या बाजूने पडला. चालू पद्धतीविरुद्ध प्रस्ताव पाठवून पाहिलेल्या कोणत्याही कारकुनाला हे आधीच सांगता आले असते.

आमच्याकडेही निराळे काय झाले? माझे वडील बँकेतच होते. १९८३ साली संघटना आणि बँका यांच्यात यंत्रांबद्दल करार झाला, तेव्हा वाद होता तो नोकऱ्या राहतील का याचा. तो रास्तच होता. मनगट राहील का, हे कोणाच्या डोक्यात नव्हते.

बँकवाल्याचा खरा जीव मात्र उजवीकडच्या आकड्यांत. हे आकडे १९१४ साली अमेरिकेत रॉकफर्ड गावच्या संडस्ट्रँड बंधूंच्या बेरीज-यंत्रातून आले. सात-आठ-नऊ वरती, एक-दोन-तीन खालती. पुढे बटणांचा टेलिफोन काढताना बेल कंपनीच्या प्रयोगशाळेने माणसे बसवून चाचण्या घेतल्या आणि १९६३ साली एक-दोन-तीन वरती घातले. एटीएमने टेलिफोनचा कित्ता गिरवला. परिणामी दिवसभर बँकेत हात चालवून मी संध्याकाळी एटीएमपुढे उभा राहिलो की बोटे खालून वर जातात. एकदा तीनदा चुकलो आणि माझेच कार्ड बंद पडले. दुसऱ्या दिवशी माझ्याच काउंटरवर मी मला अर्ज दिला.

शिवाय या आकड्यांमुळे माउस पंजाभर लांब जातो आणि हात दिवसभर खांद्यापासून बाहेर लोंबतो. माउसचे जनक डग्लस एंजेलबार्ट यांचा यात दोष नाही. १९६४ च्या सुमारास स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत त्यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी पहिला माउस केला. लाकडाचा ठोकळा, खाली काटकोनात दोन चाके, वर एक बटण. वायर आधी मनगटाच्या बाजूने निघत होती, शेपटीसारखी. मध्ये येते म्हणून ती पुढे नेली. म्हणजे मनगटाची आठवण इतिहासात एकदा तरी झाली! ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी हजारभर लोकांपुढे दीड तास प्रात्यक्षिक दाखवले. उजव्या हाती माउस, मध्ये कीबोर्ड, आणि डाव्या हाताखाली पाच कळांची वेगळी पट्टी. दोन्ही हातांना काम वाटून दिलेले. जगाने उजवे उचलले आणि डावे टाकून दिले. पेटंट १९७० साली मिळाले ते संस्थेच्या नावावर, आणि १९८७ साली माउस घरोघर निघायच्या वेळी त्याची मुदत संपली. कल्पना काउंटरची, श्रेय हेड ऑफिसचे. हे मला समजावून सांगायला नको.

राहता राहिली तार. ती तोडायचा गाजलेला प्रयत्न आयबीएमचा. १९८४ साली त्यांचा 'पीसी ज्युनियर' विक्रीला आला, त्याचा कीबोर्ड बिनतारी होता. अवरक्त किरणांवर चाले, त्यामुळे मध्ये काही आले की मुका. एका खोलीत दोन यंत्रे असली तर एकाचे टाइप केलेले दुसऱ्यावर उमटायचा संभव. कळा च्युइंगगमच्या वड्यांसारख्या. आणि या बिनतारी कीबोर्डसाठी कंपनीने निराळी तारही विकायला ठेवली होती! लोक इतके वैतागले की त्याच वर्षी कंपनीने कीबोर्ड फुकट बदलून दिले. पुढे काम रेडिओलहरींवर गेले आणि अडचण सरली. त्यातल्या एका पद्धतीला दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हॅराल्ड राजाचे टोपणनाव दिले आहे, ब्लूटूथ. त्याचा एक दात निळा पडला होता म्हणतात. मनगटवाल्याने दातवाल्याच्या आश्रयाला जायचे, एवढेच.

हे सगळे डोक्यात घेऊन पुन्हा दुकानात गेलो. रंग विचारला नाही. खोकी उघडायला लावली, पोऱ्या कुरकुरला. मागचे पाय मिटले की टेबलाला सपाट बसणारा, कमी उंचीचा कीबोर्ड घेतला; ते पाय उभे केले की मनगट वर मुडपते. माउस तळहातात भरेल असा घेतला, कारण चिमटीत धरायचे ते बारके माउस प्रवासाला ठीक. आकड्यांचा भाग वेगळा मिळाला, तो डावीकडेही ठेवता येतो.

सोमवारी सेट घेऊन बँकेत गेलो. तिथे कळले की बाहेरचे कोणतेही उपकरण जोडायचे नाही असे परिपत्रक आहे. त्यावर माझीही सही आहे. सेट घरी परत आला, सौ.ने तो टीव्हीला जोडला आहे आणि तिला तो फार सोयीचा वाटतो.

मग मी बँकेच्याच कीबोर्डचे पाय मिटले. माउस डावीकडे घेतला. पहिले आठ दिवस बाण पडदाभर भरकटत होता, ग्राहक काचेपलीकडून सहानुभूतीने बघत. आणि मनगटे हवेत उचलून धरली. क्लासात आमची मनगटे यंत्रावर टेकली की सर खालून लाकडी पट्टीने उचलायचे. आम्ही त्यांना मागून काय काय म्हणत होतो ते इथे लिहिता येणार नाही. डॉक्टरांनी फी घेऊन जे सांगितले ते सर पट्टीने फुकट सांगत होते. आता दुखणे पुष्कळ कमी आहे.

परवा मॅनेजरसाहेब एक एन्ट्री पास करायला माझ्या खुर्चीत बसले. नजर पडद्यावर, हात सवयीने उजवीकडे. तिथे माउसऐवजी अंगठ्याच्या ठशांसाठी शाईचा पॅड उघडा पडला होता. त्यांनी आपला पंजा त्यावर सावकाश, सगळा भार देऊन ठेवला.

"साहेब," मी म्हटले, "मनगट टेकवायचं नसतं."