अरण्यातील मंडळी : मास सुबेरांचे खेडे

दक्षिण फ्रान्समधील सेव्हेन डोंगरात, मियाले गावाच्या हद्दीत, मास सुबेरां नावाची जुनी दगडी वस्ती आहे. आंद्यूझहून गार्दों नदीच्या खोऱ्याने वर गेले म्हणजे ती लागते. सभोवार चेस्टनटची रानें आहेत. त्याची फळे वाळवून व दळून डोंगरातील गरीब लोक हिवाळा काढीत. म्हणून त्यास तिकडे ‘भाकरीचे झाड’ म्हणत.

१६८५ साली चौदाव्या लुईने नाँतचा जाहीरनामा रद्द करून प्रॉटेस्टंट उपासनेस बंदी केली. उपासनामंदिरे पाडण्यात आली. पाळकांनी धर्म सोडावा, नाहीतर पंधरा दिवसांत देश सोडावा, अशी आज्ञा झाली. सामान्य जनांस मात्र देश सोडण्याचीच मनाई! मेंढपाळ गेला म्हणजे कळप आपोआप हाती येईल, असा दरबाराचा हिशेब होता.

तो चुकला. शेतकरी, विणकर आणि लोकर पिंजणारे रात्री रानात व गुहांत जमून शास्त्रपाठ करू लागले. पकडलेल्या पुरुषांस राजाच्या जहाजांवर वल्ही मारण्यास, स्त्रियांस तुरुंगात, तर उपदेशकांस फाशी. मारी द्युरां ही स्त्री १७३० पासून १७६८ पर्यंत, म्हणजे ३८ वर्षे, एग-मोर्तच्या बुरुजात कैदेत होती. त्या पिढ्यांनी आपल्या काळास इस्राएलाच्या प्रवासावरून ‘देझेर’ असे नाव दिले. फ्रेंच शब्दाने उजाड वाळवंट डोळ्यांपुढे येते. आपल्या मराठी शास्त्रातील ‘अरण्य’ हा शब्द येथे अधिक शोभतो, कारण ती मंडळी खरोखरच झाडांच्या आश्रयाने जगली.

१७०२ साली ह्याच डोंगरात कामिसारांचे बंड झाले. त्यांचा एक पुढारी रोलां मास सुबेरांचाच. त्याच्या शौर्याचे पुष्कळ गोडवे गाइले जातात. पण कामिसारांनीही कॅथलिक धर्मगुरूंची हत्या केली, हे आपण झाकू नये. राजाच्या सैन्याने शेकडो वस्त्या उद्ध्वस्त केल्या. १७०४ मध्ये रोलां मारला गेला आणि उपासनेची बंदी तशीच राहिली.

मंडळी सावरली ती निराळ्या वाटेने. १७१५ मध्ये आंत्वान कूर ह्या विशीतील तरुणाने मोजक्या उपदेशकांची सभा भरविली, शस्त्राचा मार्ग नाकारला आणि वडीलजनांची व्यवस्था पुन्हा उभी केली. अखेर १७८७ च्या राजाज्ञेने प्रॉटेस्टंटांच्या विवाहांची व जन्मांची कायदेशीर नोंद होऊ लागली. विवाह कायद्याने अमान्य आणि संतती अनौरस, अशा अवस्थेत तोवर किती घराणी जगली असतील!

रोलांच्या घरात १९११ पासून संग्रहालय आहे. तेथे मिटल्यावर धान्याचे पिंप वाटावे असे लाकडी व्यासपीठ ठेवले आहे. दरवर्षी सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी हजारो लोक बाहेरच्या झाडांखाली उपासनेस बसतात.